पाठमोरा तास

काकासाहेब मास्तरांनी उभी हयात गणित शिकवण्यात घालवली. वाटूर फाट्यावरचा चहावाला, परतूरच्या एसटी स्टँडवरचा कंट्रोलर, तहसीलमधला कारकून, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. कुणाचं डोकं कुठं अडलंय हे त्यांना पोराच्या तोंडाकडे बघून कळायचं. आणि आता बघा गंमत. अशा माणसाच्या घरात, त्यांच्या सख्ख्या सुनेचं गणित राहिलेलं होतं. दहावीचे बाकी सगळे विषय निघाले आणि गणितात गाडी अडकली ती अडकलीच. लोक तोंडावर काही म्हणत नसत, पण पारावर तो विषय निघाला की मास्तर चपला शोधायला लागत.

सुनेचं नाव बेबीनंदा, घरात सगळे नंदा म्हणत. माहेर धावड्याचं, तिकडं भोकरदनकडं. लग्नाआधी एकदा नापास झाली, लग्नानंतर आणखी एकदा, तरी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात वस्तीवरच्या अंगणवाडीची बाई काम सोडून लेकाकडे जायला निघाली, आणि सरपंच मास्तरांना म्हणाले, "दहावी पास बाई लागते. ऑक्टोबरच्या निकालापर्यंत जागा धरून ठेवतो, पुढचं माझ्या हातात न्हाई."

नंदाला ती जागा हवी होती. हट्ट करणाऱ्यातली ती नव्हे, पण हे तिनं सासूला दोनदा बोलून दाखवलं, आणि तिच्या मानानं एवढं बोलणंसुद्धा फार होतं. गल्लीतली शेंबडी पोरं सकाळपासून तिचा पदर धरून हिंडायची. स्वतःचं मूल अजून नव्हतं, त्याचं दुःख ती कुणाजवळ काढत नसे, पण पोरांत असली की तिचा चेहरा निराळाच दिसायचा. मास्तरांनी तो लांबून पाहिला होता. पोरीला ही जागा मिळालीच पाहिजे, असं त्यांनी मनाशी धरलं.

तुम्ही म्हणाल, मग घरातल्या घरात शिकवावं की. तेवढं सोपं असतं तर काय हवं होतं! सून सासऱ्यासमोर बसत नाही, त्यांच्याकडे बघून बोलत नाही, चहासुद्धा चौकटीशी ठेवून मागं सरते. मास्तरांनी असा नियम कधी घातला नव्हता, पण मोडलाही नव्हता. जूनमध्ये पहिला प्रयत्न झाला तो असा: मास्तर ओसरीवर, नंदा दाराआड, आणि दोघांच्या मधे उंबऱ्यावर मास्तरांची बायको झुंबरबाई, लसूण सोलत.

"तिला विचार, क्षची किंमत काढता येते का."

झुंबरबाईंनी आत मान वळवली, कुजबुज ऐकली आणि बाहेर सांगितलं, "येते म्हणते."

"कशी काढली, विचार."

"तुम्ही सांगितली तशी, म्हणते."

"अगं, मी अजून काही सांगितलंच न्हाई."

"मंग आधी सांगा की. सांगायच्या आधीच काय इचारून राह्यले?"

असे आठ-दहा दिवस गेले. मास्तर काहीही सांगोत, दाराआडून एकच निरोप यायचा, समजलं म्हणते. आणि मास्तरांनी चाचणी म्हणून पाटीवर उदाहरण घालून आत पाठवलं की पाटी कोरीच परत यायची. माणूस रडकुंडीला आला. सगळ्या तालुक्याला शिकवलं आणि घरातलीच पोर हाताला लागेना, याचं त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

अशात कांता साळवे आली. ही त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, गावातल्याच बौद्ध वस्तीतली. औरंगाबादला कॉम्प्युटर शिकून तिथंच एका कॉलेजात शिकवायला लागली होती. मास्तरांसमोर खुर्ची ओढून बसायची, चहा स्वतः मागून घ्यायची आणि पटलं नाही तर "न्हाई सर, बिलकुल न्हाई" असं तोंडावर म्हणायची. मास्तरांना ती फार आवडायची. गेल्या दिवाळीपासून ती त्यांच्या मागं लागली होती. तिला एक प्रोग्राम करायचा होता.

"बाकीचे प्रोग्राम उत्तर बराबर का चूक, तेवढंच सांगतात," ती म्हणाली होती. "मला असं यंत्र पाहिजे, जे पोरगं का चुकलं याचा अंदाज बांधील अन मंग पुढचं उदाहरण देईल. तो अंदाज तुम्हाला जसा येतो तसा कुणालाच येत न्हाई, सर."

अख्खा हिवाळा ती दर रविवारी येऊन मास्तरांना पिळून काढत होती. पोरानं वजाबाकीत वरच्या लहान आकड्यातून खालचा मोठा घालवायच्या ऐवजी उलटंच केलं, तर काय समजायचं? समजायचं, की त्याला हातचा घ्यायची भीती आहे. मग काय द्यायचं? सुट्ट्या नाण्यांचं उदाहरण द्यायचं. असं एकेक विचारून तिनं मास्तरांचं सगळं डोकं यंत्रात उतरवलं. चूक हा शब्द यंत्रानं काढायचा नाही, ही मास्तरांची अट. 'पुन्हा एकदा बघ बरं,' एवढंच म्हणायचं. उदाहरणंही त्यांचीच, आयुष्यभर फळ्यावर लिहिलेली. कांता त्याला कृत्रिम बुद्धी म्हणायची. "कृत्रिम कशाची, माझीच तर हाय," मास्तर म्हणायचे.

आता प्रोग्राम तयार होता आणि तो कुणावर तरी चालवून बघायचा होता. कॉलेजात अडगळीला पडलेला एक कॉम्प्युटर तिनं गोधडीत गुंडाळून जीपनं वाटूरला आणला आणि मास्तरांच्या मागच्या खोलीत मांडला. कळांवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या डिंकानं चिकटवल्या. नंदाला शेजारी बसवून चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, लाईट गेली तर काय, सगळं दाखवलं आणि म्हणाली, "वहिनी, याला डोळे न्हाईत, कान न्हाईत. कितीबी चुका. हे कुणाला सांगायला जात न्हाई."

दुपारची कामं आटपली आणि लाईट असली की नंदा मागच्या खोलीत जायची. कळांचा आवाज ओसरीवर ऐकू यायचा. मास्तर पेपर उघडून बसत, पण लक्ष सगळं तिकडं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भाकरी थापताना नंदा सासूला म्हणाली, "आत्याबाई, ते मशीन अगदी मामंजीसारखं बोलतं. 'पुन्हा एकदा बघ बरं' म्हणतं. पण त्याच्यापुढं डोक्यावर पदर घ्यावा लागत न्हाई." झुंबरबाईंनी हे जेवताना मास्तरांना सांगितलं. मास्तर हसले, आणि मग अर्धी भाकरी तशीच ताटात ठेवली. यंत्राशी बोलते पोर, आपल्याशी नाही. तरी त्यात बोलणं आपलंच आहे, अशी त्यांनी समजूत घातली.

पण पंधरवड्यात गाडी उलटी फिरली. समीकरणं नुसती दिली की नंदा भराभर सोडवायची. शाब्दिक उदाहरण आलं, वयाचं म्हणा, वाटणीचं म्हणा, की ठप्प. यंत्र बिचारं मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे वागत होतं. जमलं नाही, तर एक पायरी खाली. दहावीतून तिला आठवीत आणलं, आठवीतून सहावीत. शेवटी एक दिवस ती बाहेर आली ती डोळे पुसतच. "त्यानं मला चौथीत बसवलं आत्याबाई. अंगणवाडीत शिकवायला निघाले, अन आता हे मलाच अंगणवाडीत बसवील. राहू द्या, माझ्यानं न्हाई व्हायचं." आणि तिनं यंत्रावर गोधडी घातली. दोन दिवस ती त्या खोलीत फिरकली नाही.

मास्तरांनी फाट्यावर जाऊन कांताला फोन केला. रविवारी ती आली, यंत्र चालू केलं आणि नंदाची साठवलेली सगळी उत्तरं वाचून काढली. "सर, यंत्र म्हणून राह्यलं, हिला शाब्दिक उदाहरणं येतच न्हाईत. चौथीचीसुद्धा."

"कसं येत न्हाईत? काल दूधवाल्याचा हिशेब तिनं तोंडी केला. मी ओसरीवरून ऐकला."

"मंग माझंच काहीतरी चुकलंय." कांताचा चेहरा उतरला.

"तिला न जमलेलं एकेक दाखव बरं," मास्तर म्हणाले आणि चष्मा पुसून खुर्ची पुढं ओढली.

पहिलं उदाहरण आलं. मास्तरांनी वर्गात वाचायचे तसं मोठ्यानं वाचलं. "अप्पारावचे वय भुजंगच्या वयाच्या दुपटीपेक्षा तीनने कमी आहे. कोणाचे वय क्ष धरशील? नाव लिही." खाली नंदानं काहीच लिहिलं नव्हतं. दुसरं आलं. "भुजंगने पाच हजार आणि बद्रीनाथने तीन हजार घालून भागीदारीत शेत केले. कोणाचा वाटा मोठा? नाव लिही." तिथं बद्रीनाथ लिहिलेलं, आणि ते साफ उलटं होतं. तिसरं चौथीचं. "भुजंगने काही पेरू घेतले." मास्तरांचा आवाज बारीक झाला.

"कांता, आता जमलेलं एक दाखव."

जमलेल्यात गिरिजा होती, वसंता होता, पेरू होतेच. फक्त भुजंग नव्हता. आणखी दोन-चार पाहिली, तेच. मास्तरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग कांताला कळेना की हे हसून राह्यले का रडून राह्यले.

भुजंग म्हणजे मास्तरांचा एकुलता एक मुलगा. नंदाचा नवरा. जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत कामाला, महिन्यातून एखाद्या शनिवारी घरी यायचा. तो झाला तेव्हा मास्तर नुकतेच नोकरीला लागले होते, आणि त्या आनंदात त्यांनी त्याचं नाव फळ्यावरच्या उदाहरणात घातलं ते कायमचंच. भुजंगनं पेरू घेतले, भुजंगनं विहीर खणली, भुजंग आगगाडीनं मनमाडला निघाला. खुद्द भुजंग गणितात यथातथाच होता, पण तालुक्यात त्याच्या नावानं दोन पिढ्या पेरू वाटत होत्या. आणि त्याची बायको, इकडच्या घरंदाज बायकांसारखीच, नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नव्हती. उदाहरण मोठ्यानं वाचायची तिची सवय. नावाशी आली की अडखळायची, पुढचं सगळं विस्कटून जायचं, आणि यंत्र वर तेच नाव लिही म्हणायचं.

"पण सर, लिहायला काय झालं? खोलीत कुणी न्हाई, बघणारं कुणी न्हाई," कांता म्हणाली.

"तिचं बोट उठत न्हाई गं त्या अक्षराकडं," मास्तर म्हणाले. "अन मला इतकी वर्षं हे सुचलं न्हाई. पाटी कोरी येत होती, तीबी याच्यापायीच."

यंत्राला हे कधी कळलं नसतं. त्याला नवरा काय आणि नाव काय. पण त्यानं सगळ्या अडलेल्या जागा नेमक्या धरून ठेवल्या म्हणून मास्तरांना दिसलं. नुसत्या मास्तरांनाही ते दिसलं नसतं, कारण दाराआडच्या पोरीचं काम त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. कांतानं तिथंच बसून भुजंगला काढून सगळीकडे वसंता घातला. मग मास्तरांनी तिला एक नवा नियम सांगितला आणि तिनं तो यंत्रात लिहिला. एकाच नावाशी कुणी वारंवार अडत असेल, तर आधी नाव बदलून बघ, मग त्याला कच्चा म्हण.

झुंबरबाई आत जाऊन सुनेला म्हणाल्या, "अगं येडे, सांगायचं न्हाई का मला?"

"काय सांगू?" नंदा म्हणाली. "मशीनला सांगू का, मालकाचं नाव हाय म्हणून?" आणि दोघी सासू-सुना चुलीपुढं पोट धरून हसल्या.

त्यानंतर नंदानं मागं पाहिलं नाही. चौथीतून दहावीत यायला तिला आठवडासुद्धा लागला नाही. यंत्र आणि ती दुपारभर खटखट करत बसत, आणि बीजगणित पोळा येईपर्यंत उरकलं. राहिली भूमिती, आणि तिथं कांतानं हात टेकले. "सर, याला आकृती दिसत न्हाई. वर्तुळ, स्पर्शिका, सिद्धता, हे त्याच्या बसचं न्हाई. इथून पुढं तुम्ही."

मास्तर त्या रात्री झोपले नाहीत म्हणावं तर ते काही खरं नाही, चांगले घोरत होते. पण पहाटे उठून ओसरीवर बसले आणि विचार करायला लागले. पुन्हा दाराआडचा निरोप्या कारभार झाला तर परीक्षा गेली. यंत्रापुढं पोर बोलते, मग माझ्यापुढं का बोलत नाही? त्या यंत्राजवळ असं काय आहे, जे माझ्याजवळ नाही? आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की त्याच्याजवळ काही जास्त नाही, उलट कमी आहे. त्याला डोळे नाहीत. ते तिच्याकडे बघत नाही. जन्मभर आपण पोरांच्या तोंडाकडे बघून शिकवलं आणि त्याचा केवढा अभिमान बाळगला. या पोरीला नेमकं तेच बघणं जड जात होतं.

सकाळी त्यांनी डब्यात काळा रंग कालवला आणि मागच्या खोलीच्या भिंतीवर, यंत्राच्या बाजूला, हातभर रुंद फळा रंगवला. तो वाळला तशी दुपारी झुंबरबाईंना म्हणाले, "तिला सांग, माझ्या मागं बसायचं. मी भिंतीकडं तोंड करून शिकवीन. मागं वळणार न्हाई. पदर घ्या, न घ्या, मला दिसणार न्हाई."

"मी मधी बसू का?"

"नको. तू लसूण सोल जा."

बांगड्यांचा आवाज आला, सतरंजी सरकली, एवढ्यावरून ती बसली हे कळलं. मास्तरांनी वर्तुळ काढलं, स्पर्शिका काढली, त्रिज्या काढली. शिकवता शिकवता नेहमीप्रमाणे मान वळवायला गेले आणि मानच धरून ठेवली. सवय जाता जात नव्हती. मानेत कळ आली. समजलं का, असं त्यांनी मुद्दाम विचारलं नाही. यंत्रही विचारायचं नाही, ते थांबायचं नुसतं. तसे ते खडू धरून थांबले. बाहेर झुंबरबाईंनीही सोलायचं थांबवलं असावं.

"मामंजी," मागून आवाज आला. चार वर्षांत तो आवाज त्यांनी असा सरळ कधी ऐकला नव्हता. "मामंजी, न्हाई समजलं. ती रेघ तिथंच काटकोन का करती?"

मास्तरांनी खडू हातातल्या हातात मोडला. किती पोरांनी त्यांना आजवर हे विचारलं असेल, पण एवढा आनंद त्यांना कधी झाला नव्हता. भिंतीकडे तोंड करूनच त्यांनी फळा पुसला आणि नवं वर्तुळ काढलं. "पुन्हा एकदा बघ बरं," ते म्हणाले. मग रोज दुपारी दोन तास हा पाठमोरा वर्ग भरू लागला. आधी बीजगणिताची उजळणी यंत्रापाशी, मग सतरंजी वळवून भूमिती भिंतीपाशी. नंदा विचारायला लागली ती इतकी, की मास्तर कधी कधी वैतागून म्हणत, "अगं, मला श्वास तर घेऊ दे."

ऑक्टोबरात परतूरला परीक्षा झाली. शनिवारी भुजंग आला, "कसा गेला?" म्हणून विचारलं, तर नंदा म्हणाली, बरा गेला. मास्तरांनी विचारलं नाही. विचारायची त्यांची छाती झाली नाही.

निकाल शाळेत आला त्या दिवशी नंदा एकटीच तो आणायला गेली. मास्तर ओसरीवर उलटा पेपर धरून बसले होते. झुंबरबाईंनी तो सुलटा करून दिला. सून नेहमी मागच्या दारानं घरात यायची, आज समोरून आली. पायऱ्या चढली आणि मास्तरांच्या पुढ्यात उभी राहिली. पदर होता डोक्यावर, पण नजर सरळ होती.

"मामंजी, पास झाले."

मास्तर नुसतीच मान हलवत राहिले.

"पण भूमितीत मार्क कमी पडले, अन ते तुमच्यामुळं पडले."

नंदानं सतरंजी ओढली आणि सासऱ्यासमोर, त्यांच्याकडे बघत, खाली बसली. "तुम्ही म्हणल्ते, सिद्धतेत दर पायरीपुढं कारणं लिहीत बसू नको, तपासणाराला दिसतं. कारणांना वेगळे मार्क असतेत मामंजी. नवीन पुस्तकात शेवटी दिलंय. मला पेपर झाला त्याच दिवशी कळलं, पण निकालाच्या आधी कशाला तुमच्या जिवाला घोर, म्हणून बोलले न्हाई."

"दाखव," मास्तर म्हणाले.

तिनं पुस्तक आणलं. मास्तरांनी चष्मा लावून शेवटचं पान दोनदा वाचलं, मग सुनेकडे पाहिलं. असं त्यांनी तिला पहिल्यांदाच पाहिलं. "बराबर आहे," ते म्हणाले. "माझं चुकलं."

सून पास झाली, तिला अंगणवाडी मिळाली, हे गावाला सरपंचांनी सांगितलं. मास्तर मात्र त्या संध्याकाळी फाट्यावरच्या चहावाल्यापासून परतूरच्या कंट्रोलरपर्यंत ज्याला त्याला धरून एकच सांगत सुटले, की आमच्या नंदानं आज माझी चूक काढली, माझ्या तोंडावर काढली, आणि बराबर काढली.